ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्हाला काय नडलं? (अनुभव धागा)

निळीछत्री
काल जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना एक स्क्रीनशॉट सापडला. पडलेल्या बॉसभोवती (गेममधला मोठा शत्रू) पंचवीस जण उभे, त्यातले अर्धे नाचतायत. कोपऱ्यात हिरव्या झग्यातली हीलर (साथीदारांना बरं करणारी) म्हणजे मी. त्या बॉससाठी आम्ही सात आठवडे बसलो होतो, आठवड्याला तीन रात्री. आधी खूप आनंद झाला, मग आठवलं की त्याच रात्री आमची गिल्ड, म्हणजे कायम एकत्र खेळणारा गट, फुटली.

बॉसने तलवार टाकली एक आणि हवी होती तिघांना. वाटप गिल्डप्रमुखाच्या हातात. त्याने ती दिली आपल्या मित्राला, जो सात आठवड्यांत दोनदाच आला होता. दहा मिनिटांत नऊ जण सोडून गेले. तेव्हा मी त्या प्रमुखाला नाही नाही ते बोलले. आता वाटतं, पंचवीस जण राबणार आणि बक्षिसं पडणार दोन-तीन, हा नियम कुणाचा होता? गेमचाच ना. भांडण आधीच पेरून ठेवलेलं होतं, आम्ही फक्त त्यात पाय टाकला.

हे गेम मला अजूनही जिवापाड आवडतात, म्हणून विचारतेय. तुमचंही लिहा.

रात्रपाळी
पॉज नसणं!
मुलगी चार महिन्यांची होती, मी टँक, म्हणजे पुढे राहून बॉसचे वार झेलणारा. बॉसची हेल्थ आठ टक्क्यांवर आणि आतून रडण्याचा आवाज. उठलो. परत आलो तर सगळे मेलेले आणि चॅटमध्ये माझ्या नावाने शंख. कारण सांगितलं तरी एकाने लिहिलंच, मग टँक कशाला झालास. त्यानंतर एकट्याने करायच्या क्वेस्टच (छोट्या कामगिऱ्याच) केल्या, पण चांगलं सामान सगळं रेडमध्येच, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमांतच, ठेवलेलं असतं. ज्याला सलग तीन तास मिळत नाहीत त्याच्यासाठी अर्धा गेम बंदच.

घारीचा_डोळा
रात्रपाळी, अगदी अगदी.
निळीछत्री, आमच्याकडे डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स) होतं. रेडला हजर राहिलं की पॉइंट जमा, वस्तू घेतली की वजा. एव्हरक्वेस्ट या जुन्या गेमच्या काळात खेळाडूंनीच काढलेली पद्धत, म्हणजे गेमने जे द्यायला हवं होतं ते लोकांनी वही घालून उभं केलं. आमची भांडणं खरंच कमी झाली. पण मग जो तो पॉइंट साठवून बसायला लागला. चांगली ढाल पडायची आणि कुणी बोलीच लावायचं नाही.

कोरा_कागद
ड्रॉप रेट, म्हणजे बॉस मारल्यावर वस्तू पडण्याची शक्यता. एका उडत्या घोड्याच्या मागे होतो, १ टक्का. मी धरून चाललेलो की बॉस शंभरदा मारला की घोडा मिळणार. नंतर गणित मांडलं. शंभरदा मारूनही न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के, दोनशेदा मारूनही १३. आणि तो बॉस आठवड्याला एकदाच मारता येतो, म्हणजे शंभर वेळा म्हणजे जवळपास दोन वर्षं! दर वेळी हुकलं की शक्यता थोडी वाढवायची, एवढं केलं तरी पुरे, काही गेम करतातही. मी १४० व्या आठवड्याला सोडलं.

भिंगरी
१४०?? साष्टांग नमस्कार घ्या. मी असते तर चौथ्या आठवड्याला घोड्याचं नाव काढलं नसतं.

सदाफुली
माझा मुद्दा गेमच्या नियमांचा नाही, तरी लिहिते. माइक सुरू केला की पहिल्या वाक्याला चॅट थांबायचं. मग 'मुलगी आहे का', मग फुकट सामान, मग खासगी निरोप, आणि उत्तर दिलं नाही की शिव्या. मी रेडमध्ये सूचना देणारी होते, बॉसची प्रत्येक चाल मला पाठ होती. तरी दोन वर्षं सूचना टाइप करून दिल्या. टाइप करताना हात अडकतात आणि लोक मरतात, म्हणून रेडचं नेतृत्वही सोडलं. तक्रारीचं बटण होतं. दाबल्यावर एक ठरावीक आभाराचा मजकूर यायचा, पुढे काही नाही. ब्लॉक केलेला माणूस नवीन पात्र बनवून परत हजर. हे सुधारणं अशक्य नव्हतं. कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

निळीछत्री
सदाफुली, वाचून फार वाईट वाटलं. माझा माइकही वर्षभर बंद होता. मला वाटायचं हे माझ्यापुरतंच आहे.

रात्रपाळी
सदाफुली, आमच्या गिल्डमध्येही एक जण कायम टाइपच करायची. आम्ही कधी कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कासव
पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कसं कुणी लिहिलं नाही? सर्व्हर दुसऱ्या खंडात. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे सर्व्हर १० हजार किमीवर असेल तर जाऊन येण्यातच १०० मिलीसेकंद गेले, आणि केबल सरळ रेषेत कुठे असते. मी आगीतून बाहेर पडलेलो असतो, सर्व्हरच्या लेखी मी आगीतच. वर 'लक्ष कुठे असतं तुझं' हे ऐकायचं. माझं लक्ष तिथेच असतं हो.

भिंगरी
कासव, वायफाय काढून वायर लावून बघितली का?

कासव
लावली. चढउतार थांबला, आकडा तोच.

मध्यरात्र
मला आपोआप गट जुळवणारी सोय नडली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये डिसेंबर २००९ च्या अपडेटने आली आणि मग सगळीकडेच पसरली. त्याआधी टँकसाठी शहरात तासभर ओरडत बसायचो, हे खरं. पण मिळालेला टँक आपल्याच सर्व्हरचा, म्हणजे गेममधल्या आपल्याच वस्तीतला असायचा. त्याने लूट पळवली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत, चांगला खेळला तर मैत्री. बटण आल्यावर पाच अनोळखी लोक येतात, वीस मिनिटांत सगळं उरकतात, 'नमस्कार'सुद्धा नाही. चार वर्षांत त्या बटणातून माझा एकही मित्र झाला नाही.

रात्रपाळी
मध्यरात्र, पण त्या बटणामुळेच माझ्यासारखा माणूस काहीतरी खेळू शकला. माझ्याकडे वीस मिनिटंच असायची.

मध्यरात्र
मान्य. निदान आपल्याच सर्व्हरवरचे लोक जुळवायला हवे होते एवढंच म्हणणं.

पाणकोंबडा
अवांतर, पण राहवत नाही. २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये एका बॉसचा रक्तशाप फक्त त्या लढाईपुरता असायला हवा होता. पाळीव प्राण्यांसोबत तो बाहेर आला, शहरंच्या शहरं मेलेल्या पात्रांनी भरली. काही जण गावाबाहेर पळाले, काही हीलर मदतीला उभे राहिले, काही मुद्दाम पसरवत फिरले. पुढे साथरोगतज्ज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. एका चुकीतून एवढं शिकायला मिळालं!

भिंगरी
हे माहीतच नव्हतं. आज रात्री वाचणार.

अबोली_७
आमचा गेम बंद झाला. महिनाभर आधी सूचना आली. शेवटच्या रात्री सगळे पहिल्या गावातल्या विहिरीपाशी जमलो, जिथे प्रत्येकाचं पात्र जन्मतं. बाराला स्क्रीन काळी झाली आणि 'संपर्क तुटला' एवढंच. सहा वर्षं होती त्यात. मैत्रीण आजारी होती, तिचं घर मी गेममध्ये सांभाळत होते, तेही गेलं. आपली पात्रं उतरवून ठेवायची सोय द्यायला काय हरकत होती? नुसतं चित्र आणि नाव तरी.

घारीचा_डोळा
अबोली, सिटी ऑफ हिरोज या गेमच्या खेळाडूंनी गेममध्येच मशाली घेऊन निषेध केला होता, तरी ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झालाच. पण चाहत्यांनी सर्व्हर चालवत ठेवला आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. तुमच्या गेमचे लोक कुठे आहेत ते शोधून बघा.

अबोली_७
बघते. धन्यवाद. मैत्रीण बरी आहे आता, तिलाही सांगते.

दिवाभीत
पिशवी!! एवढे प्रतिसाद झाले आणि पिशवीबद्दल कुणीच नाही? आधी वीस खणांची पिशवी द्यायची, मग शंभर प्रकारच्या मुळ्या, दगड, कातडी गोळा करायला लावायची, आणि जागा संपली की खण पैशाने विकायचे. दर अर्ध्या तासाला उभं राहून काय फेकू हा विचार. माझ्या बँकेत अजून पहिल्या क्वेस्टचं फूल पडून आहे. त्याने काहीच होत नाही, विकलंही जात नाही. आठ वर्षं एक खण अडवून बसलंय आणि मी ते काढणार नाही.