फोन वाजला की नेट तुटतं, घरातली वायर बदलू का?

प्रश्न:
एडीएसएल (टेलिफोनच्याच तारेवरून येणारं नेट) आहे. रिंग वाजली की मॉडेमचा दिवा लुकलुकतो आणि दोन मिनिटं नेट गायब. लाइन बैठकीत येते, तिथून झोपायच्या खोलीत आणि माडीवर फाटे गेलेत. मॉडेम माडीवर आहे.

उत्तर:
माझ्याकडे हुबेहूब हेच होतं, म्हणून कळकळीने सांगतो, आधी वायर विकत आणू नका. सगळे फोन काढा आणि लाइन घरात शिरते तिथेच मॉडेम लावून एक दिवस बघा. टिकलं तर दोष घरातलाच.
आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत चालतो, एडीएसएल साधारण २५ च्या वर. एका जरी फोनला फिल्टर (फोन आणि नेटचे सिग्नल एकमेकांत मिसळू न देणारी छोटी डबी) नसला तरी रिंगचा दणका मॉडेमला बसतो. म्हणून स्प्लिटर (आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी) लाइन घरात शिरते तिथेच बसवा: तारांची एक जोडी थेट मॉडेमला, दुसरी सगळ्या फोनना. वापरात नसलेले फाटे तोडाच, त्यांच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो. माझ्याकडे कपाटामागे असा एक जोड निघाला. चिकटपट्टी सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

दुसरं उत्तर:
मॉडेमपर्यंत चपटी वायर नको. पीळ असलेली जोडी घ्या, कॅट ५ (संगणक जोडायची नेटवर्क केबल) उत्तम. जोडताना पीळ गरजेपुरताच उलगडा.

प्रश्नकर्ता:
झोपायच्या खोलीतल्या फोनला फिल्टरच नव्हता! स्प्लिटर बसवला, तो फाटा तोडला. नॉइज मार्जिन (गोंगाट सोसायची लाइनची मोकळीक, जास्त तितकी बरी) ५ डेसिबल होतं, आता ११. आत्ताच फोन वाजला, दिवा स्थिर. मनापासून आभार.