प्रति: ९९ रुपयांत डोमेन घ्यावं का?

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, आणि त्याचे ९९ रुपये हा फक्त पहिल्या वर्षाचा भाव असतो हो. डोमेन विकणारी कंपनी निवडताना त्यांच्या साइटवर नूतनीकरणाचा दर शोधा. बहुधा तळाशी बारीक अक्षरात असतो. दुसऱ्या वर्षापासून तोच भरायचाय. पैसे भरायच्या पानावर ईमेल, 'सुरक्षा' वगैरे आधीच टिक करून ठेवलेलं असतं, ते काढा. मालकाची माहिती झाकायची सोय डॉट कॉमला बऱ्याच कंपन्या फुकट देतात, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

वर कुणीतरी 'होस्टिंगवाल्याकडूनच (म्हणजे वेबसाइट ठेवायला जागा भाड्याने देणाऱ्याकडून) घ्या, एकाच ठिकाणी बरं पडतं' म्हटलंय. मला नाही पटत. होस्टिंगवाल्याशी बिनसलं की डोमेनही त्याच्याच ताब्यात, मग बसा फोन करत! वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात तर मुळीच नको. खातं तुमचं, नोंदणीत मालक म्हणून नावही तुमचंच, आणि ईमेल तुम्ही रोज बघता तो.

पुढे कंपनी बदलता येते. डॉट कॉमला नोंदणीनंतर साधारण ६० दिवस थांबावं लागतं, मग जुन्या कंपनीच्या खात्यात बदली अडवणारं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे बदलीसाठीचा पासवर्ड, घ्यायचा. आयकॅनच्या (डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) नियमाप्रमाणे मागितल्यापासून ५ दिवसांत कंपनीला तो द्यावाच लागतो. बदलीचे पैसे जातात, पण मुदत वर्षभराने वाढते, म्हणजे वाया काही जात नाही.

डॉट इन हवं असेल तर त्याचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, त्यांनी मान्यता दिलेल्या कंपन्यांची यादी त्यांच्या साइटवर मिळेल.