आजोबांच्या समासातल्या टिपांचं काय करू?

प्रश्न
आजोबांची ज्ञानेश्वरी घरच्यांसाठी टाइप करतेय. समास टिपांनी भरलाय. काही पेन्सिलीच्या, काही नंतर कधीतरी निळ्या शाईने लिहिलेल्या. पहिल्याच ओवीतल्या 'स्वसंवेद्या'पुढे पेन्सिलीने 'आत्मज्ञानी' लिहिलंय. ते खोडून शाईने 'स्वतःलाच कळणारा'. टिपा ओवीतच कंसात घातल्या तर वाचणाऱ्याला अडायला होणार नाही. आणि खोडलेलं गाळू ना?

उत्तर १
कृपा करून ओवीत घालू नका. मी काही वर्षं पोथ्यांच्या याद्या करण्याचं काम केलंय. मूळ मजकुरात शिरलेली टीप ओळखून बाहेर काढणं फार जिकिरीचं असतं. नक्कल करताना अक्षरं गळली की ओळीत काकपदाची खूण (इथे काही राहिलंय असं दाखवणारी) करून ती समासात लिहीत. कठीण शब्दांचे अर्थही समासातच. पुढचा नकलणारा कधी अर्थालाच गळलेला मजकूर समजून ओळीत बसवतो, आणि त्याच्या प्रतीवरून लिहिणाऱ्याला ते मूळच वाटतं. ज्ञानेश्वरीचेही पाठ बिघडत गेले, म्हणून शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी ती शुद्ध केली. तिच्यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणं, असं त्यांनी बजावून ठेवलंय.

पंचपाठी पोथीसारखी मांडणी करा: मूळ मधोमध, टीका वर, खाली आणि दोन्ही बाजूंना. कुठे काय संपतं ते नजरेलाच कळतं.

उत्तर २
खोडलेलं तर आवर्जून ठेवा! 'संवेद्य' म्हणजे जाणलं जाणारं, 'ज्ञानी' म्हणजे जाणणारा. आजोबांना हा फरक नंतर जाणवला आणि त्यांनी आपलाच अर्थ दुरुस्त केला. मूळ ग्रंथात नाही ते लिहिणार नाही, अशी कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाची प्रतिज्ञा होती. तुमच्या आजोबांनी तीच पाळलेली दिसते. पेन्सिल कुठली, शाई कुठली, हेही नोंदवा.

प्रश्नकर्ती
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मूळ मधे ठेवते, टिपांना दोन रंग देते. सहाव्या अध्यायात एका ओवीशेजारी नुसतं 'पुन्हा पाहणे' आहे, पेन्सिलीने. शाईने काहीच नाही. ते घेऊ?

उत्तर १
घ्या. ओवीच्या क्रमांकासकट.