बंदी कागदावर, बियाणं वावरात

'परवानगी नाही म्हटल्यावर जनुक बदललेलं बियाणं शेतात येणारच कसं?' हा प्रश्न अकोल्याकडच्या कुणाला विचारून पाहा. तणनाशक-सहनशील, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या, कापसाला मान्यता नसतानाही तो विदर्भात सर्रास पेरला जातो. नावच पडलंय 'चोर बीटी' (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस). जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे लावला; तेव्हा पर्यावरण कायद्याखाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, हे माहीत असूनही. कारण साधं आहे. ऐन पावसाळ्यात निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही.

बंदीचा फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. पाकिटावर कंपनीचं नाव धड नसतं, पक्कं बिल तर नाहीच. बियाणं बोगस निघालं तर ग्लायफोसेट हे तणनाशक मारल्यावर तणाबरोबर पराटीही (कापसाचं झाडही) जळते, आणि तक्रार करायची तर हातात पुरावा काय?

अर्थात मंजूर बियाण्याचे नियमही कोण पाळत होतं म्हणा! बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी यायची, कडेने लावण्यासाठी, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लागू नये. बहुतेकांनी ती बांधावर फेकली. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली, त्यात याचाही वाटा आहे.

बंदी सगळीकडेच फसते असं नाही. प्राण्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाला सिंगापूरने 2020 मध्ये परवानगी दिली, इटलीने 2023 मध्ये बंदी घातली. पण ते काही बांधाआडून विकता येत नाही, त्यामुळे तिथली बंदी टिकेलही. बियाण्याचं तसं नाही.