कॅटेक्युमेनला मराठीत काय म्हणायचं?

गिरगावकर:
ऑफिसातली एक मैत्रीण येत्या ईस्टरला कॅथलिक होतेय. चर्चच्या वर्गांचं पत्रक तिला आईसाठी मराठीत हवं होतं. 'कॅटेक्युमेन'ला, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला, मी 'दीक्षार्थी' लिहिलं. वाचून आई मटकन खाली बसल्या, "म्हणजे ही संसार सोडणार?" त्यांचं तरी काय चुकलं? मुंबईत दीक्षार्थी म्हटलं की जैन दीक्षेआधीच्या वर्षीदानाच्या मिरवणुकीचे फ्लेक्सच डोळ्यांपुढे येतात. दुसरा शब्द सुचवा.

वसईकर:
आमच्याकडेही घोटाळा होईल. 'गुरुदीक्षा' म्हणजे फादर होणं. आणि पत्रकात 'बाप्तिस्मा' असेल तर 'स्नानसंस्कार' करा, बाप्तिस्मा प्रॉटेस्टंटांच्या तोंडी जास्त. बोलताना मात्र कुणी शब्द शोधत बसत नाही. 'ती आरसीआयए (प्रौढांच्या या तयारीचं इंग्रजी लघुरूप) करतेय', झालं!

माहीमची:
मूळ ग्रीक क्रियापद 'कातेखेइन'. त्यातला 'एखो' म्हणजे नाद, आपला इको तोच. अर्थ तोंडी शिकवणं, शब्दशः कानावर घालणं. याला आपल्याकडे शब्द तयार आहे: संथा. गुरुजी म्हणणार, मुलं मागून म्हणणार. म्हणून 'संथार्थी'?

वसईकर:
व्युत्पत्तीला दहापैकी दहा, पण संथा म्हटलं की घोकंपट्टी आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं प्रौढांची ही जुनी तयारी पुन्हा सुरू करायला सांगितली, १९७२ साली तिचा विधी आला. त्यात भर टप्प्यांवर. आधी नुसती चौकशी, मग शिकवण, ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण (कन्फर्मेशन), ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) एकाच मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत. आणखी एक, दुसऱ्या चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक व्हायला आला तर तो कॅटेक्युमेन नव्हेच. त्याला पुन्हा स्नान नाही. तुमच्या पत्रकात दोघांना एकच शब्द नाही ना?

गिरगावकर:
आहे! बदलतो.

माहीमची:
स्नानसंस्कारानंतरचा शब्द 'निओफाइट', म्हणजे नवं लावलेलं रोप. 'नवदीक्षित' लिहाल तर पुन्हा फ्लेक्स. मी 'नवरोप' लिहीन. (वसईकर हसतील, हसू देत.)

वसईकर:
हसत नाही. भाताची आवणी केलेल्यांना कळेल.

गिरगावकर:
शेवटी 'स्नानसंस्काराची तयारी करणारे' असं लांबलचक लिहून दिलं. आईंना पटलं. आता विचारतायत, स्नान म्हणजे नदीत का?

वसईकर:
नाही हो, बहुतेक ठिकाणी डोक्यावर तीनदा पाणी ओततात. छोटा टॉवेल न्यायला सांगा.