मदत हवी आहे: गहाणखताच्या घडीत गेलेलं खापरपणजीचं नाव कुठे सापडेल?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. घरात लहानपणापासून एवढंच ऐकलेलं की पणजोबा इथल्या ‘जुनी गिरणी’ नावाच्या कापडगिरणीत लागले आणि तिथून आपलं घराणं सुरू झालं. त्याआधीचं कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत बाबांच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या चादरीच्या घडीत एक कागद सापडला. वर उर्दू शिक्का, खाली सगळी मोडी. मला एक अक्षर लागेना. शाळेपासूनच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. ती पूर्व भागातली, घरात तेलुगू, आजोबा हातमागावर. पण वर्गाला जाऊन मोडी शिकलेली. दुसऱ्याच दिवशी भिंग आणि बटर पेपर घेऊन आली, आणि पुढचे चार रविवार येत राहिली. शिक्का तिच्या ओळखीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचून दिला.

कागद निघाला गहाणखत, निजामाच्या राज्यातलं. तुळजापूर तालुक्यातली जमीन, रक्कम 60 रुपये ‘हाली’, म्हणजे हैदराबादचा सिक्का. इंग्रजांचा असता तर ‘कलदार’ लिहिलं असतं. साल फसली 1328 (फसली म्हणजे तिथलं महसुली साल). फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1918-19, मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीचा काळ. पणजोबांच्या वडिलांच्या नावामागे ‘मयत’ आणि पणजोबा ‘अज्ञान’ (म्हणजे अल्पवयीन), ‘उमर वर्षे 9’. नऊ वर्षांचं पोर एकटं सोलापूरला येऊन गिरणीत लागलेलं नसणार. त्याला बोटाला धरून कुणीतरी आणलं. लिहून देणार म्हणून जिचं नाव आहे ती त्याची आई, माझी खापरपणजी.

आणि नेमकं तिचंच नाव घडीवर आहे. इतकी वर्षं घडी तशीच राहिल्याने कागद तिथे विरून गेलाय. मैत्रिणीने मागून मोबाइलचा उजेड धरला, उरलेले फराटे बटर पेपरवर गिरवले. शेवटी ‘बाई’ स्पष्ट लागतं, पुढे ‘भ्रतार’ आणि नवऱ्याचं नाव. ‘बाई’च्या आधी दोन अक्षरं असावीत. पहिलं ‘स’सारखं दिसतं, पण मोडीत एवढ्यावर काही ठरवता येत नाही, असं ती बजावते. खाली अंगठा नाही, निशाणी आहे: बांगडी. शाईने काढलेलं एक वेडंवाकडं कडं, अजून काळंभोर. नवरा गेला, जमीन गहाण टाकली आणि सहीच्या जागी बांगडी. मी त्या कड्यावरून कितीदा बोट फिरवलंय.

बाबा म्हणाले, त्यांचे आजोबा, म्हणजे हेच पणजोबा, दर मंगळवारी तुळजापूरच्या दिशेला हात जोडून बराच वेळ उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, देवीसाठी.

आता माझी अडचण. वंशावळीत आमच्याकडे पुरुषांची नावं आहेत, बाईचं एकही नाही. निजामकाळातली जमिनीची कागदपत्रं धाराशिवला पाहायला मिळतात का, आणि अर्ज नेमका कुणाकडे करायचा? कुणबी नोंदींच्या शोधात 2023 पासून तिकडचे बरेच उर्दू-मोडी कागद बाहेर आले, स्कॅनही झाले. त्यात गहाणखतं आहेत, की फक्त महसुली नोंदी? तुळजापूरला भोप्यांकडे (देवीच्या पुजाऱ्यांकडे) यजमानांच्या वह्या असतात का? पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत बायकांची नावं कुणाला मिळाली असतील तर जरूर सांगा; तिथे गावावरून शोधतात की आडनावावरून, तेही.

दुसरं, ती स्वतः गिरणीत होती का? रीळ खात्यात (सूत गुंडाळायच्या विभागात) बायका असायच्या. जुनी गिरणी 1963 साली बंद पडली. तिचे हजेरीपट कुठे जपलेले आहेत का? मी एका कचेरीत विचारलं तर ‘एवढं जुनं कशाला हवंय’ म्हणून परत पाठवलं. एखाद्या गिरणी कामगाराच्या घरी बिल्ला, पगाराचं कार्ड, युनियनची पावती, काहीही असेल तर त्यावर बाईमाणसाचं पूर्ण नाव असायचं का, एवढं पाहून सांगाल?

शक्य असल्यास मोडी जाणणाऱ्यांनी त्या दोन अक्षरांचा फोटो पाहावा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. गावाचं नाव उघड लिहीत नाही, तेही व्यनितच सांगेन.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पहाटेच्या एसटीने तुळजापूरला निघतोय. बाबाही येतो म्हणतायत. त्याआधी कुणाकडे जायचं एवढं कळलं तरी फार मदत होईल.