काळ्या लॅबला काळी मेहंदी, आणि रिंगबाहेर!

संत्राबाग_वरूड:
रामराम मंडळी. आमच्याकडे अडीच वर्षांचा काळा लॅब्रॅडोर आहे, नाव डांबर. कागदपत्रं आहेत, मायक्रोचिप आहे. छातीवर जुन्या रुपयाएवढा पांढरा ठिपका. मागच्या रविवारी त्याला पहिल्यांदाच नागपूरच्या एका डॉग शोला नेला. पहाटे चारला निघालो, काटोलला चहा घेतला, सगळं मजेत.

घोळ आदल्या रात्रीच झाला होता, पण मला पत्ता नाही. मी झोपल्यावर बाबांनी स्वतःच्या मिशीची काळी मेहंदी वाटीत कालवली आणि जुन्या टूथब्रशनं त्या ठिपक्यावर चोपडली. चमक यावी म्हणून वरून खोबरेल तेल. गाडीत तेलाचा वास येत होता, मला वाटलं मालिश केली असेल.

रिंगमध्ये, म्हणजे कुत्री तपासायच्या आखलेल्या जागेत, जजबाईंनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, छातीशी आल्या आणि थांबल्या. पांढरा रुमाल ओला करून पुसलं. रुमालावर हा काळा पट्टा! बाई एक शब्द बोलल्या नाहीत, रुमाल माझ्यासमोर धरला फक्त. मग स्टुअर्डनं, म्हणजे रिंगमधल्या मदतनिसानं, हातानंच बाहेरचा रस्ता दाखवला. सगळा मांडव पाहत होता. डांबर शेपूट हलवत होता, त्याला काय.

आता माझं दुखणं. शेजारच्या टेबलावर एक पांढरा टेरिअर जातीचा कुत्रा होता. त्याला इतकी पावडर फासली होती की मालकाची काळी पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. तो रोझेट (बक्षिसाचं फितीचं फूल) घेऊन गेला. नियम फक्त खेड्यातून येणाऱ्यालाच आहे का? आणि आता पुढच्या शोला घेतील की नाही?

कैची_कंगवा_अमरावती:
भाऊ, मी कुत्र्यांचं ग्रूमिंगच करतो, म्हणजे केस कापणं-विंचरणं, म्हणून स्पष्टच सांगतो. तुम्हाला काढलं ते बरोबर. नुसतं तेल असतं तरी अडचण आली असती. एफसीआय म्हणजे केनेल क्लबांची (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांची) जागतिक संघटना, तिचा नियम असा की केसांचं, कातडीचं किंवा नाकाचं मूळ रूप बदलणारं काहीही लावायचं नाही. कापा, विंचरा, ब्रश मारा, बस. गरजेपेक्षा जास्त वेळ कुत्रा ग्रूमिंग टेबलाला बांधून ठेवायलाही मनाई आहे, ते तर कोणी पाळत नाही.

पावडरचं असं आहे. पांढऱ्या टेरिअरला खडूची पावडर लावून झाडायची ही साफसफाईची जुनी रीत. ब्रिटिश केनेल क्लब म्हणतो, साफसफाईला वापरलेलं काहीही रिंगमध्ये अंगावर राहता कामा नये. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यानं नीट झाडली नसेल तर तोही चुकलाच. पण जजकडे प्रयोगशाळा नसते, हात आणि रुमाल असतो. पांढऱ्या रुमालावर काळं दिसतं, पांढरं दिसत नाही. तुमच्यावर अन्याय झाला तो एवढाच. तोंडी कुरकुर करून उपयोग नाही, शंका असेल तर तिथंच लेखी तक्रार द्यायची.

बंदीचं आयोजकांनाच विचारा. पण खरी गंमत ऐका. लॅब्रॅडोरच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी दिसावी त्या ठरलेल्या वर्णनात, छातीवर लहान पांढरा ठिपका चालतो! तसं लिहूनच ठेवलंय. बाबांनी नसलेला दोष झाकला.

ढोरांचा_डॉक्टर:
शो राहू द्या, कुत्र्याची कातडी पाहिली का? बाजारातल्या काळ्या मेहंदीत बहुतेक पीपीडी नावाचं रसायन असतं. माणसाचीही कातडी त्यानं भाजते, कुत्रा तर ते चाटतो. लाली, फोड, खाज, तोंडाला सूज, उलटी, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. कोमट पाणी आणि कुत्र्याचा शाम्पू वापरा. रॉकेलनं पुसायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. (देतात हो. मागं एकानं डांबर काढायला रॉकेल वापरलं होतं. खरं डांबर, तुमचा नाही.)

गवळाऊ_आर्वी:
बाबांना दोष देऊ नका. आपल्याकडं जनावर चार लोकांत न्यायचं म्हणजे सजवून, हेच डोक्यात. पोळ्याला आम्ही शिंगं साळतो, बेगड लावतो, हिंगूळ फासतो, आणि ज्याची जोडी जास्त चमकते तिला पाहायला गर्दी. बैलबाजारातले व्यापारी तर यातले उस्ताद. पण घेणाराही पक्का असतो, तो शिंगाकडं पाहत नाही, सरळ दात मोजतो. तुमच्या जजबाई त्याच जातीच्या.

संत्राबाग_वरूड:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, लाली नाही, फोड नाही, खाणंपिणं जोरात. शाम्पूनं तीनदा धुतला.

ठिपका चालतो हे बाबांना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणे, "हे पहिले काऊन नाही सांगतलं बे? माह्या मिशीचं पाकीट वाया गेलं." तीन दिवसांपासून ते आणि डांबर दोघंही माझ्यावरच रुसल्यासारखे ओट्यावर बसतात. मिशी पांढरी, ठिपका तांबूस.

कैचीवाले भाऊ, हा तांबूस रंग कापून टाकू का?

कैची_कंगवा_अमरावती:
कापू नका! तिथं खड्डा दिसेल, मग जज खड्ड्याचं कारण विचारेल. लॅब केस झाडतोच, रोज रबरी ब्रश मारा, नवे केस पांढरेच येतील. आणि मेहंदीचं पाकीट वरच्या फळीवर ठेवा.

संत्राबाग_वरूड:
वरच्या फळीवर बाबांचाच हात पोचतो, माझा नाही.